रंगमंचावरचा फेलाग, पडद्यावरचा लाझार

1980च्या दशकात अल्जिअर्स शहरात एक अफवा उठली. ऑस्ट्रेलियाला कामासाठी माणसं हवी आहेत आणि बेकार तरुणांना घेऊन जायला लवकरच एक जहाज बंदराला लागणार आहे. जहाज कोणाचं, कधी येणार, चौकशी कुठे करायची, याचा पत्ता कोणालाच नव्हता. तरीही बातमी गल्लोगल्ली फिरली, कारण ती खरी असावी असं वाटणाऱ्यांची त्या शहरात काही कमी नव्हती. दिवसभर भिंतीला पाठ लावून उभ्या राहणाऱ्या या पोरांना अल्जेरियात ‘हितिस्त’ म्हणत, म्हणजे भिंतवाले. जहाज अर्थातच आलं नाही. 1991च्या सुमारास मोहम्मद फेलाग नावाच्या नटाने ही अफवा उचलली आणि तिच्यावर ‘बाबोर ऑस्ट्रेलिया’, म्हणजे ऑस्ट्रेलियाचं जहाज, हा एकपात्री प्रयोग उभा केला. स्वतःच्याच फजितीवर हसायला लोकांनी नाट्यगृहं भरून टाकली.

हे हसू कुठून आलं, ते त्या काळाकडे पाहिल्याशिवाय कळणार नाही. फ्रान्सने 132 वर्षं राज्य केल्यावर, आठ वर्षांच्या भीषण युद्धानंतर, 1962 मध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला. सत्ता आली ती स्वातंत्र्ययुद्ध लढलेल्या एफएलएन या एकाच पक्षाच्या हाती. तेल आणि वायूच्या पैशावर कारखाने उभे राहिले, शाळा निघाल्या, सरकारी दुकानं निघाली. निर्यातीची जवळजवळ सगळी कमाई याच दोन वस्तूंची. 1986 मध्ये जगभर तेलाचे भाव कोसळले आणि सरकारचा खिसा रिकामा झाला. ‘सूक एल फेल्लाह’ नावाच्या सरकारी बाजारात रांगा लागायच्या. रांग दिसली की माणूस आधी उभा राहायचा आणि मग पुढच्याला विचारायचा, काय आलंय? घरांची टंचाई तर अशी की दोन खोल्यांत दहा-दहा माणसं. लग्न ठरलेल्या मुलाला बायकोला आणायचं कुठे हा प्रश्न, आणि न ठरलेल्याला मुलीशी बोलायचं कुठे हा. लोकसंख्येतले निम्म्याहून अधिक लोक विशीच्या आतले होते. राष्ट्राध्यक्ष शादली बेंजदीद यांच्यावरचे विनोद घराघरात सांगितले जात, पण दार लावून. फेलागने हे दार उघडलं, एवढंच म्हणता येईल. विनोद लोकांकडे होतेच.

त्याचा जन्म 31 मार्च 1950चा, भूमध्य समुद्राच्या काठावरच्या अझफून गावचा. हा काबिलीचा प्रदेश: जुर्जुराच्या डोंगररांगा, ऑलिव्हची झाडं आणि अरबांच्या कितीतरी आधीपासून इथे राहणारे बर्बर वंशाचे लोक. घरी काबिली, शहराच्या रस्त्यावर दारिजा ही अल्जेरियाची बोली अरबी, शाळेत फ्रेंच. युद्ध सुरू झालं तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि संपलं तेव्हा बारा. म्हणजे गोऱ्या मास्तरांच्या वर्गात शिकलेली आणि तारुण्यात स्वतंत्र देशाची घोषणागीतं गायलेली ही पिढी. तिला दोन्हीकडची भाषा आणि दोन्हीकडचा ढोंगीपणा, दोन्ही चांगलेच ओळखीचे.

1968 मध्ये तो अल्जिअर्सजवळच्या नाट्यशाळेत दाखल झाला आणि चार वर्षं शिकला. सत्तरच्या दशकात देशभरच्या रंगमंचांवर कामं केली, 1978 मध्ये देश सोडला आणि काही वर्षं कॅनडात आणि फ्रान्समध्ये धडपडला. 1985 मध्ये परत आला तो राष्ट्रीय नाट्यगृहात, एदुआर्दो द फिलिप्पो या इटालियन नाटककाराच्या ‘विनोदाची कला’ या नाटकातल्या प्रमुख भूमिकेसाठी. त्या नाटकात नव्याने बदलून आलेल्या सरकारी अधिकाऱ्याला कळेनासं होतं, की आपल्या कचेरीत येणारी माणसं खरी आहेत की नाटक कंपनीतले नट. डॉक्टर, पाद्री, शिक्षिका, कोण खरं आणि कोण सोंग? फेलागच्या पुढच्या आयुष्याचा आराखडाच कोणीतरी आधी लिहून ठेवला होता की काय, असं हे कथानक वाचताना वाटतं.

दोन वर्षांत त्याने स्वतःचा पहिला एकपात्री प्रयोग केला, चॉप नावाच्या पात्राच्या उचापतींचा. मग ‘कॉकटेल खोरोटोव’ आणि ‘एसओएस लाबेस’. अल्जेरियाला विनोदी नटांची परंपरा जुनी आहे. बोली अरबीतलं ‘जहा’ हे नाटक 1926 मध्ये अल्जिअर्समध्ये झालं आणि लोकांना आपल्या भाषेत हसायला मिळालं. नंतर रशीद क्सेंतिनी आला. स्वातंत्र्यानंतर रुईशेदने ‘हसन तेरो’ या 1968च्या चित्रपटात क्रांतिकारक व्हायची मुळीच इच्छा नसलेला आणि तरीही नाइलाजाने क्रांतिकारक ठरलेला भित्रा माणूस रंगवला. फेलाग याच घराण्यातला. फरक असा की क्सेंतिनी आणि रुईशेद पात्रांच्या आड उभे राहत, आणि हा थेट प्रेक्षकांसमोर उभा राहून बोलत असे. आणि बोलत असे तो कोणत्या भाषेत? सरकारला अभिप्रेत असलेल्या शुद्ध अरबीत तर नाहीच. वाक्य दारिजात सुरू व्हायचं, मध्येच फ्रेंच क्रियापदाला अरबी शेपूट लागायचं, राग अनावर झाला की काबिली. बसमध्ये, बाजारात, पोलीस चौकीत लोक नेमकं असंच बोलत होते. फक्त दूरदर्शनवर तसं कोणी बोलत नव्हतं.

ऑक्टोबर 1988 मध्ये तरुण रस्त्यावर उतरले. सरकारी दुकानं, पक्षाच्या कचेऱ्या फोडल्या गेल्या. लष्कराने गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार 159 मेले, इतरांच्या मते पाचशेच्या आसपास. पण एकपक्षीय राजवटीला तडा गेला. फेब्रुवारी 1989च्या राज्यघटनेने इतर पक्षांना परवानगी दिली, खासगी वर्तमानपत्रं निघाली, आणि तीन वर्षं अल्जेरियात काहीही बोलता येईल असं वातावरण होतं. फेलागचे सगळ्यात गाजलेले प्रयोग याच तीन वर्षांतले आहेत. मंत्री, पोलीस, दाढीवाले इस्लामवादी, सासू, बेकार पोरगा, कोणालाच सूट नव्हती. विशेषतः स्त्री-पुरुष संबंधांवर तो जे बोलायचा, ते ऐकताना बाप आणि मुलगी शेजारी बसलेले असले की दोघंही समोर बघत हसत असतील, अशी माझी कल्पना. त्याच्या प्रयोगांच्या कॅसेट हातोहात फिरल्या. ज्यांनी नाट्यगृहाची पायरी कधी चढली नव्हती, त्यांनाही त्याचे संवाद तोंडपाठ होते.

मग खिडकी बंद झाली. डिसेंबर 1991च्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत इस्लामी पक्ष एफआयएसने 188 जागा जिंकल्या. दुसरी फेरी झालीच नाही. जानेवारी 1992 मध्ये शादलींनी राजीनामा दिला, लष्कराने निवडणूक रद्द केली, आणि देश दहा वर्षांच्या रक्तपातात गेला. मृतांचा आकडा दीड ते दोन लाख सांगितला जातो. अल्जेरियन लोक त्याला ‘काळं दशक’ म्हणतात.

या दशकात लेखक, पत्रकार, गायक आणि नट यांना एकेकटं गाठून मारलं गेलं. अझफून परिसरातच जन्मलेला कवी-पत्रकार ताहर जाऊत याला मे 1993 मध्ये घराबाहेर गोळ्या घातल्या. आठवड्याभराने तो गेला. मार्च 1994 मध्ये ओरानमध्ये नाटककार अब्देलकादर अलूलावर हल्ला झाला. बोली अरबीतल्या रंगभूमीचा हा सर्वांत मोठा माणूस. जखमी अवस्थेत पॅरिसला नेल्यावर तो वारला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रेमगीतं गाणारा शेब हसनी. फेब्रुवारी 1995 मध्ये अझेद्दीन मेजूबी, अल्जिअर्सच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा संचालक, त्याच नाट्यगृहाच्या दाराशी. फेलाग तोवर बेजायाच्या नाट्यगृहाचा संचालक झाला होता. नाट्यगृहाचा संचालक ही अचानक प्राणघातक नोकरी झाली होती. त्याच्या एका प्रयोगाच्या वेळी बायकांच्या स्वच्छतागृहात बॉम्ब फुटला.

तो आधी ट्युनिसला गेला आणि 1995 मध्ये पॅरिसला. आता ही वेळ बघा. डिसेंबर 1994 मध्ये अल्जेरियन अतिरेक्यांनी एअर फ्रान्सचं विमान पळवलं होतं. जुलै 1995 मध्ये पॅरिसच्या सॅं-मिशेल स्थानकात बॉम्ब फुटला, आठ जण मेले. मेट्रोच्या दारात पोलीस ओळखपत्रं मागत होते, आणि मागत होते ती नेमकी फेलागसारख्या चेहऱ्याच्या माणसांकडे. बॉम्बपासून पळून आलेला माणूस आता बॉम्बवाल्यासारखा दिसत होता. हा विनोद त्याला रचावा लागला नाही.

पॅरिसमध्ये उत्तर आफ्रिकी वंशाचे विनोदवीर नवे नव्हते. कॉन्स्टंटाइनमध्ये जन्मून फ्रान्समध्ये वाढलेला स्माइन ऐंशीच्या दशकातच लोकप्रिय झाला होता. पण स्माइन आणि त्याच्या मागून आलेली पोरं फ्रान्सच्या उपनगरांतली, फ्रेंच शाळांत शिकलेली. फेलाग पंचेचाळिशीचा, पलीकडून आलेला, आणि त्याचा प्रेक्षक समुद्रापलीकडे राहिलेला. त्याने जे केलं ते धाडसाचं होतं: जवळजवळ सबंध प्रयोग फ्रेंचमध्ये लिहिला. नाव ‘जुर्जुरासिक ब्लेड’. गावाकडचे डोंगर आणि स्पीलबर्गचे डायनोसॉर एकाच दमात. फिनिशियन, रोमन, व्हँडल, अरब, तुर्क, फ्रेंच असे एकामागोमाग एक येऊन गेलेले आक्रमक आणि प्रत्येकाकडे ‘आता हे कोण?’ अशा नजरेने पाहणारा डोंगरातला माणूस. फ्रेंच नाट्यसमीक्षकांच्या संघटनेने 1998 मध्ये त्याला त्या मोसमाचा नवा शोध म्हणून गौरवलं. नट तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. पुढे बूफ द्यु नॉर या नाट्यगृहातही त्याचे प्रयोग झाले. पीटर ब्रूकने आपलं ‘महाभारत’ जिथे खेळवलं तीच ही पोपडे निघालेल्या भिंतींची जागा.

या प्रयोगांना कोण येत असे हे महत्त्वाचं आहे. एका रांगेत चाळीस वर्षांपूर्वी कारखान्यात कामाला आलेला काबिल म्हातारा, त्याच्या मागे 1962 मध्ये अल्जेरियातून पळालेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांचं कुटुंब, शेजारी सक्तीच्या लष्करी सेवेत तिकडे जाऊन आलेला आणि त्याबद्दल घरी एक अक्षर न बोललेला फ्रेंच पेन्शनर. या तिघांना फ्रान्समध्ये एका छताखाली आणण्याचे सरकारी प्रयत्न क्वचितच यशस्वी झाले असतील. फेलागने प्रत्येकाला दुसऱ्याच्या खर्चाने थोडं आणि स्वतःच्या खर्चाने बरंच हसवलं.

आता चित्रपटांकडे येऊ. इथे मला या कलावंताच्या वाट्याला आलेली एक विचित्र गोष्ट दिसते. रंगमंचावर ज्या माणसाचे हात, खांदे, भुवया, सगळं शरीर बोलत असतं, त्याला कॅमेऱ्यासमोर बोलावलं गेलं ते गप्प बसण्यासाठी. 1998 मध्ये ‘ल गोन द्यु शाबा’ आला, अझूझ बेगाग यांच्या आत्मकथनपर कादंबरीवरचा. लियाँजवळच्या झोपडवस्तीत, पत्र्याच्या आणि फळकुटांच्या घरात वाढणारा हुशार मुलगा आणि मुलाने शिकावं म्हणून झुरणारा निरक्षर मजूर बाप. फेलाग हा बाप झाला. 2007च्या ‘लेनमी अँतीम’मध्ये तो अल्जेरियन युद्धाच्या चित्रात दिसला. 2012च्या ‘स क ल जूर द्वा आ ला न्वी’मध्ये, यास्मिना खाद्रांच्या कादंबरीवरच्या चित्रपटात, पुतण्याला सांभाळणारा सभ्य, सुशिक्षित औषधविक्रेता काका. बाप, काका, बंडखोर, निर्वासित. प्रत्येक वेळी अल्जेरियन, प्रत्येक वेळी मानी आणि दुखावलेला. ‘रब्बीचं मांजर’ या अॅनिमेशनपटात मात्र त्याला रब्बीचा मित्र असलेल्या शेखचा आवाज मिळाला आणि थोडा मोकळा श्वास घेता आला.

याच्या शेजारी दुसरं एक उदाहरण ठेवावंसं वाटतं. 2008 मध्ये ‘बियांव्हन्यू शे ले श्ती’ या विनोदी चित्रपटाची फ्रान्समध्ये दोन कोटींहून अधिक तिकिटं खपली; तिथल्या फ्रेंच चित्रपटांतला हा विक्रम. उत्तर फ्रान्सच्या बोलीची आणि तिथल्या थंडीची त्यात थट्टा आहे. दोन्ही नायकांचे, दानी बून आणि काद मराद यांचे, वडील अल्जेरियन. मराद तर जन्मलाच अल्जेरियात, सिदी बेल अब्बेसला. पडद्यावर मात्र एक पोस्टाचा दक्षिणेतला अधिकारी आणि दुसरा उत्तरेतला पोस्टमन. अल्जेरियाचा उल्लेखही लागत नाही. फ्रान्सला हसवायचं असेल तर अल्जेरिया घरी ठेवून यावा लागतो आणि अल्जेरिया सोबत आणला तर हसणं घरी ठेवावं लागतं, असा काहीसा हा अलिखित करार. बून आणि मराद यांना दोष द्यायचा नाही. दोघेही उत्तम नट आहेत. पण फेलागला हा करार मान्य नव्हता, म्हणून त्याचं विनोदी काम रंगमंचावरच राहिलं.

आणि तरी जगाने त्याला ओळखलं ते चित्रपटामुळेच. एव्हलिन द ला शनेलिएर या क्वेबेकच्या लेखिकेने ‘बशीर लाझार’ नावाचं एकपात्री नाटक लिहिलं होतं. दिग्दर्शक फिलिप फालार्दोने 2011 मध्ये त्यावर ‘मस्यू लाझार’ केला. माँट्रियलच्या एका प्राथमिक शाळेत एक शिक्षिका वर्गातच गळफास घेते. सिमोन नावाचा मुलगा दूध ठेवायला आत जातो आणि त्याला ती दिसते. भिंतींना नवा रंग दिला जातो, मुलांसाठी मानसोपचारतज्ज्ञ येते, पण त्या वर्गावर शिकवायला कोणी तयार होत नाही. वर्तमानपत्रातली बातमी वाचून एक अल्जेरियन गृहस्थ मुख्याध्यापिकेसमोर येऊन बसतो. एकोणीस वर्षं शिकवलंय, म्हणतो. त्याला नोकरी मिळते.

तो शिक्षक नाहीच. शिक्षिका होती त्याची बायको. देशातल्या ‘राष्ट्रीय समेटा’वर, म्हणजे काळ्या दशकातल्या मारेकऱ्यांना मोकळं सोडणाऱ्या धोरणावर, तिने पुस्तक लिहिलं. अल्जेरियात असं धोरण खरोखरच आलं, आधी 1999च्या आणि मग 2005च्या सार्वमताने. बायको आणि मुलं लावलेल्या आगीत जळून मेली. लाझार कॅनडात आश्रयाचा अर्ज करून थांबलेला आहे आणि वर्गात मृत बायकोचं काम करतो आहे. द फिलिप्पोच्या नाटकातल्या त्या अधिकाऱ्याचा प्रश्न इथे पुन्हा समोर येतो, आणि या वेळी उत्तर अवघड आहे, कारण खोटा शिक्षक मुलांना खरोखर शिकवतो.

फेलागने इथे काय केलं ते बघण्यासारखं आहे. अर्धवर्तुळात मांडलेले बाक तो सरळ ओळींत लावतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना बाल्झाकमधला उतारा शुद्धलेखनाला घालतो आणि मुलं हतबुद्ध होतात. एकाला टपली मारतो, तर कळतं की इथे मुलांना हात लावायचा नाही, मारायला नाही आणि जवळ घ्यायलाही नाही. हे सगळं विनोदाचं सामान आहे; ‘बाबोर ऑस्ट्रेलिया’मध्ये यातून त्याने वीस मिनिटं हशा वसूल केला असता. इथे तो प्रत्येक विनोद अर्ध्यावर थांबवतो. ओठ किंचित हलतात आणि पुन्हा मिटतात. शाळेत नाचाचा कार्यक्रम चालू असताना एकट्याने वर्गात संगीत ऐकत तो हात उचलून नाचू लागतो, तेवढ्या क्षणी आत दाबलेला रंगमंचावरचा माणूस दिसतो. ज्यांनी त्याचे प्रयोग पाहिलेले नाहीत, त्यांनाही तिथे काहीतरी दाबलेलं आहे हे जाणवतं. विनोदी नटाने गंभीर काम केलं की आपण ‘याच्यात ही बाजूही होती’ म्हणून कौतुक करतो. मला ते उलट वाटतं. या भूमिकेला विनोदीच नट हवा होता. हसवता येत असूनही न हसवणारा माणूसच तिथे चालला असता.

चित्रपटाला लोकार्नो महोत्सवात प्रेक्षकांची पसंती मिळाली, टोरंटोत सर्वोत्कृष्ट कॅनडियन चित्रपटाचा मान मिळाला. 2012च्या जीनी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक आणि अभिनेता, फेलाग. परभाषी चित्रपटांच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालं; बाहुली मात्र असगर फरहादींच्या ‘ए सेपरेशन’ने नेली. अल्जेरियातून पळालेल्या माणसाची गोष्ट सांगणाऱ्या या चित्रपटातल्या अल्जेरियन नटाला अभिनयाचा मोठा सन्मान कॅनडाने दिला, फ्रान्सने नाही, हेही नोंदवून ठेवावं. कॅनडातच तो तरुणपणी काही वर्षं धडपडला होता.

त्यानंतर ऑफर येत असताना तो काय करत होता? पॅरिसमध्ये रंगमंचावर कुसकुस शिजवत होता. मारियान एपँ या अभिनेत्री-दिग्दर्शिकेबरोबर त्याने 2008 मध्ये ‘सगळे अल्जेरियन मेकॅनिक असतात’ हा प्रयोग केला होता. त्यात एक सुशिक्षित जोडपं अरबीकरणाच्या धोरणामुळे देशोधडीला लागून वस्तीत येतं, आणि गाडीचं बॉनेट उघडलं की सगळी गल्ली सल्ला द्यायला जमते. 2012 मध्ये दोघांनी ‘संस्कृतींच्या छोट्या चकमकी’ हा प्रयोग रंगवला. फ्रेंचांना कुसकुस इतका आवडतो, मग तो बनवणाऱ्यांबद्दल त्यांचं मत काय, या प्रश्नावर त्याची सगळी फोडणी. पुढे ‘ब्लेड रनर’मध्ये त्याने जुन्या प्रयोगांतले तुकडे जोडून नवा प्रयोग केला. मारियान एपँचं 2017 मध्ये निधन झालं.

फेब्रुवारी 2019 मध्ये अल्जेरियात लोक पुन्हा रस्त्यावर आले. राष्ट्राध्यक्ष अब्देलअझीझ बुतेफ्लिका पक्षाघातानंतर क्वचितच दिसत होते. समारंभांत त्यांच्या चौकटीतल्या तसबिरीला मान दिला जाई, एकदा तर तिला घोडा भेट दिला गेला. हा गृहस्थ पाचव्यांदा उभा राहणार म्हटल्यावर लाखो लोक दर शुक्रवारी निघाले, आणि या वेळी त्यांच्या हातात दगडांऐवजी पुठ्ठे होते. पुठ्ठ्यांवर विनोद लिहिलेले होते, दारिजात, फ्रेंचमध्ये, काबिलीत, तिन्हींच्या खिचडीत. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जन्म फेलाग देश सोडून गेल्यावरचा, पण घरातल्या जुन्या कॅसेट आणि इंटरनेटवरचे तुकडे त्यांच्यापर्यंत पोचलेच असणार. पाचव्या कारकिर्दीविरुद्धचा एक पुठ्ठा जगभर गाजला. त्यावर म्हटलं होतं, की पाच नंबर काढायचा अधिकार फक्त शनेल अत्तराला आहे. 2 एप्रिलला बुतेफ्लिकांनी राजीनामा दिला.